ड्रोनच्या फोटोत बोटीचा नंबर वाचता आला पाहिजे



गेल्या हंगामात आपल्या संस्थेकडून एक चूक झाली. ती लपवून पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

एका सकाळी किनाऱ्यापासून फार लांब नाही अशा ठिकाणी एक ट्रॉलर आपल्या सभासदांच्या जाळ्यांवरून गेला. चार घरांची जाळी फाटली. एका सभासदाच्या मुलाकडे छोटा ड्रोन आहे. त्याने लगेच उडवला, फोटो काढले, आणि अर्ध्या तासात ते सगळ्यांच्या मोबाईलवर आले. आम्ही खूश. आता पुरावा हातात आला असं वाटलं. फोटो मोठा करून पाहिला, नंबर वाचला, प्रिंट काढली आणि तक्रारीला जोडली.

आठ दिवसांनी एक बोटमालक ऑफिसात आला. सोबत त्याची आई. त्याने काही आरडाओरडा केला नाही. गॅरेजवाल्याचं बिल टेबलावर ठेवलं. त्या आठवड्यात त्याची बोट पाण्यातच नव्हती, इंजिन खोलून धक्क्यावर होती. नंबरातला शेवटचा इंग्रजी आकडा ३ होता की ८, ते फोटोत कळत नव्हतं आणि आम्ही ८ वाचला होता. आम्ही त्याची लेखी माफी मागितली. तक्रार अर्थातच बारगळली, आणि चार घरांना जाळ्यांचा एक रुपया मिळाला नाही.

नंतर आम्ही त्या मुलाला घेऊन बसलो आणि चूक कुठे झाली ते शोधलं. एक नाही, पाच-सहा ठिकाणी झाली होती. ड्रोन महागातला नव्हता, पण कॅमेऱ्याचा दोष जवळजवळ नव्हताच. आता आपल्या गावात आणखी दोघा-तिघांकडे ड्रोन आले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे ड्रोन नाही त्यांनीही वाचा, कारण फोटो पुढे पाठवताना खराब करण्याचं काम बहुतेक आपणच करतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट अंतराची. पोरगा घाबरून ड्रोन ९०-१०० मीटर वर घेऊन गेला आणि तिथूनच फोटो काढत राहिला. वरून सगळं दिसतं, पण बारीक काही दिसत नाही. याचा हिशोब सोपा आहे. साध्या ड्रोनचा फोटो आडवा साधारण ४००० ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा असतो. अशा कॅमेऱ्याची लेन्स रुंद असते, त्यामुळे १०० मीटर अंतरावरून सुमारे १५० मीटर रुंदीचा समुद्र फोटोत येतो. म्हणजे एका मीटरला फक्त २७ ठिपके. बोटीवरचा आकडा फूटभर उंच धरला तर त्याच्या वाट्याला आले ८ ठिपके. आठ ठिपक्यांत ३ आणि ८ यांत फरक तो काय दिसणार? तेच ५० मीटरवरून काढलं तर १६ ठिपके, आणि ३० मीटरवरून काढलं तर २७. पंचवीसच्या आसपास ठिपके मिळाले की आकडा बिनचूक वाचता येतो, हे आम्ही आपल्याच होड्यांचे फोटो काढून पाहिलं आहे. आकडे लहान रंगवलेले असतील तर आणखी जवळ जावं लागेल.

पण ३० मीटर म्हणजे डोक्यावर ३० मीटर नव्हे. नंबर असतो बोटीच्या कुशीला नाहीतर नाळेकडे. बरोबर वरून काढलेल्या फोटोत टप, जाळी आणि खलाशांच्या टोप्या दिसतात, नंबर दिसत नाही. ड्रोन बाजूला हवा. पाण्यापासून १५ मीटर उंच आणि बोटीपासून २५-२६ मीटर बाजूला ठेवला की तिरकं अंतर ३० मीटर होतं आणि नंबर बऱ्यापैकी समोरून दिसतो. एक फोटो डाव्या कुशीचा, एक उजव्या कुशीचा, एक मागून, आणि मग थोडं वर जाऊन एक असा की बोट, ओढलेली जाळी आणि मागे आपला किनारा एकाच चौकटीत येईल. हा शेवटचा फोटो नंबरासाठी नाही, जागा ओळखू यावी म्हणून. मागे डोंगर, देऊळ, चर्च, हॉटेलची ठळक इमारत, काहीतरी आलं पाहिजे.

इथे एक इशारा. उंचीचा जो आकडा स्क्रीनवर येतो तो ड्रोन जिथून उडवला तिथपासूनचा असतो. केरीच्या डोंगरावरून उडवला तर स्क्रीनवर १५ दिसेल, पण पाण्यापासून तो कितीतरी वर असेल. आणि खाली पाणी असलं की ड्रोनच्या पोटाचे सेन्सर फसतात, लाटांमुळे त्यांना जमीन नीट कळत नाही. म्हणून १० मीटरच्या खाली आणू नका. ट्रॉलरला डोलकाठी असते, तारा असतात, त्यांच्या अगदी जवळ जाऊ नका. माणसांच्या डोक्यावर तर नाहीच. आणि मासळीच्या बोटीमागे घारी असतात हे काय तुम्हाला सांगायला नको, त्या ड्रोनवर झडप घालतात.

कोणी विचारेल, जवळ न जाता झूम केलं तर? झूम दोन प्रकारचं असतं. काही महागड्या ड्रोनना वेगळी लांब पल्ल्याची लेन्स असते. तीनपट जवळ आणणारी लेन्स असेल तर १०० मीटरवरून जवळजवळ ३३ मीटरसारखं दिसतं, ते खरं झूम. पण साध्या ड्रोनमध्ये बोटांनी जे झूम होतं ते फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं आहे. ठिपके तेवढेच राहतात, फक्त ते मोठे दिसतात. खोक्यावर ४८ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं त्याचंही तसंच. स्वच्छ उन्हात त्याने थोडी बारकी जास्त मिळते, म्हणून उन्हात जरूर वापरा. पहाटे किंवा ढगाळलेलं असताना मात्र १२ मेगापिक्सेलचाच फोटो साफ येतो.

दुसरी चूक हलण्याची. ड्रोन पुढे जात होता, बोट पळत होती, आणि पोरगा बटण दाबत होता. ट्रॉलर जाळं ओढत असतो तेव्हा सावकाश असतो, ३ नॉट धरा. पण त्याने ड्रोन पाहिला, जाळं उचललं आणि पळायला लागला की ८ नॉट सहज. ८ नॉट म्हणजे सेकंदाला ४ मीटर. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या ५० व्या भागाइतकं उघडं राहिलं तर तेवढ्यात बोट ८ सेंटिमीटर सरकते. आकड्याच्या रंगाची रेघच मुळी ४-५ सेंटिमीटर जाड असते. म्हणजे रेघ पुसूनच गेली. शटर ५०० व्या भागावर ठेवलं तर बोट एक सेंटिमीटरही सरकत नाही, १००० वर ठेवलं तर अर्धाही नाही. म्हणून ऑटो सोडा, शटर हाताने १/५०० किंवा १/१००० वर लावा, आणि आयएसओ १०० ते ४०० च्या आत ठेवा. सकाळच्या उन्हात एवढा प्रकाश पुरतो.

रील बनवणारी मुलं कॅमेऱ्यावर काळसर काचेचा फिल्टर लावतात, एनडी म्हणतात त्याला. व्हिडिओ गुळगुळीत दिसावा म्हणून तो मुद्दाम शटर सावकाश करतो. आपल्या कामासाठी तो काढून ठेवा. त्या दिवशी तोच लावलेला होता!

ड्रोन थांबवला की लगेच बटण दाबू नका. दोन-तीन सेकंद जाऊ द्या. कॅमेरा ज्या गिंबलवर टांगलेला असतो तो स्थिर व्हायला वेळ घेतो. मग एकामागून एक पाच-सात फोटो काढा, एखादा तरी साफ निघतो. वारा जोराचा असेल तर २५० ग्रॅमचा ड्रोन पतंगासारखा डोलतो आणि गिंबलही किती सांभाळणार?

वाऱ्यावरून आठवलं, वेळ कोणती ते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून येतो आणि बोटीची किनाऱ्याकडची कुस उजेडात असते. पहाटेचा मतलई वाराही मंद असतो, हवा स्वच्छ असते. दुपारनंतर सगळं उलटं. सूर्य समुद्राच्या बाजूला, पाणी चकाकतं, बोट काळी सावली होते, खारा वारा वाढतो आणि हवेत धुरकट पडदा येतो. अशा वेळी फोटो काढायचाच असेल तर ड्रोन बोटीच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला नेऊन किनाऱ्याकडे तोंड करून काढा. पण परत येताना बॅटरी किती उरली ते बघा. आमचा नियम असा: ४० टक्के झाली की मागे फिरायचं. जाताना वारा मदत करत असेल तर येताना तो तोंडावर असतो, हे होडी वल्हवणाऱ्याला कळतं, ड्रोनवाल्या पोरांना कळायला एक ड्रोन बुडावा लागतो.

पांढऱ्या बोटीचा एक वेगळा त्रास आहे. निळ्या-काळ्या पाण्यात पांढरी बोट असली की कॅमेरा पाण्याचा अंदाज घेतो आणि बोट जळून जाते, नुसता पांढरा ठिगळ. नंबर त्यातच विरघळतो. एक्सपोजर थोडं कमी करा, उणे ०.७ च्या आसपास. फोटो जरा काळा वाटला तरी चालेल. काळ्या भागातलं नंतर काढता येतं, जळालेलं परत येत नाही. ज्यांच्या ड्रोनमध्ये रॉ फोटो काढायची सोय आहे त्यांनी जेपेगबरोबर रॉही चालू ठेवावा.

फोकसबद्दल थोडक्यात. काही ड्रोनना फोकस करावाच लागत नाही. ज्यांना लागतो त्यांनी स्क्रीनवर बोटीच्या कडेला बोट लावून फोकस पक्का करावा, पाण्यावर नव्हे. नुसत्या पाण्यावर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. पहिला फोटो काढला की तिथेच मोठा करून बघा.

आणि लेन्स पुसा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम. समुद्रावर एक फेरी झाली की लेन्सवर मिठाचा पातळ थर बसतो, फोटो दुधाळ येतो आणि आपण ड्रोनला शिव्या देतो. सुक्या शर्टाने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. मऊ कापड गोड्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळा, हलक्या हाताने टिपा, मग सुक्या कापडाने पुसा. चष्म्याचं कापड चालतं.

आता तिसरी चूक, आणि ही आपल्या सगळ्यांची. त्या दिवशी आम्ही जो फोटो तक्रारीला लावला तो ड्रोनचा फोटो नव्हताच. पोराने व्हिडिओ चालू असताना मोबाईलच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढला होता. उडताना मोबाईलवर दिसतं ते हलक्या प्रतीचं चित्र, फक्त बघण्यापुरतं. खरा माल ड्रोनच्या आतल्या मेमरी कार्डावर असतो. तो स्क्रीनशॉट मग व्हॉट्सअॅपवर आला. व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना त्याची लांबी साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. म्हणजे ३० मीटरवरून नीट काढलेल्या फोटोतले आकड्याचे २७ ठिपकेसुद्धा ११ वर येतात. मग तो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर. शिवाय फोटोच्या आत तारीख, वेळ आणि जागेची जी नोंद असते तीही पुसली जाते.

म्हणून कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा आणि मूळ फाईल घ्या. पाठवायचीच असेल तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग ती जशीच्या तशी पोहोचते.

जागेच्या नोंदीबद्दल एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. फोटोत जे अक्षांश-रेखांश येतात ते ड्रोनचे असतात, बोटीचे नव्हे. गोव्याच्या १९८० च्या सागरी मासेमारी कायद्याखाली किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलरना बंदी आहे, आणि वाद नेहमी त्यावरच होतो की बोट आत होती की बाहेर. म्हणून नंबराचे फोटो झाले की सुरक्षित उंची ठेवून बोटीच्या शक्य तितकं वर जा, पण खलाशी उभे आहेत त्यांच्या डोक्यावर नाही, आणि कॅमेरा सरळ खाली करून एक फोटो घ्या. त्या वेळी ड्रोनची जागा आणि बोटीची जागा जवळजवळ एकच असते.

चौथी चूक सांगायला लाज वाटते, पण ती सगळ्यात वाईट. फोटो अस्पष्ट आहे म्हणून कोणीतरी तो एआयच्या अॅपमध्ये टाकून ‘क्लिअर’ करून आणला. आणि खरंच, आकडा अगदी ठसठशीत दिसायला लागला. ८. आम्हाला वाटलं, वा! पण ती अॅप आकडा शोधत नाहीत, रचतात. ठिपके नसतील तिथे जे शोभेल ते भरतात. ३ चं ८ तिथेच पक्कं झालं, आणि एका निर्दोष माणसाच्या नावावर आम्ही सही करून तक्रार केली. तेव्हापासून संस्थेचा ठराव आहे: तक्रारीला जोडायच्या फोटोवर कसलंही अॅप चालवायचं नाही. आकडा वाचता येत नसेल तर तक्रारीत तसंच लिहायचं, ‘शेवटचा आकडा स्पष्ट नाही’. अर्धवट नंबर, बोटीचा रंग, कॅबिनचा आकार, वेळ, एवढ्यावरूनही शोध घेता येतो. चुकीच्या पूर्ण नंबरावरून मात्र चुकीचाच माणूस सापडतो.

आणि पाचवी, कार्ड. पंधरा दिवसांनी आम्ही मूळ व्हिडिओ मागितला तेव्हा पोराने कार्ड साफ करून मेव्हण्याच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. त्याला दोष देत नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं. आता असं काही टिपलं तर कार्ड ड्रोनमधून काढा आणि ऑफिसात आणून द्या. बदल्यात दुसरं कार्ड संस्था देईल. आम्ही पाकिटात घालून तारीख, वेळ आणि उडवणाऱ्याची सही घेतो. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे, त्याआधी हेच काम ६५-ब कलमाखाली होत असे. प्रमाणपत्राचं काम वकील बघतील, पण मूळ फाईलच नसेल तर वकील तरी काय करणार?

आता कुठे उडवायचा आणि कुठे नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी करून त्याचा यूआयएन क्रमांक घ्यायचा असतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय कोणीही उडवू नका. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती २०० फुटांपर्यंतच आहे, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. आपल्याकडे मोपा आहे, दक्षिणेला दाबोळी आहे आणि तो नौदलाचा तळ आहे. तिथल्या भावांनी जास्त जपावं. दुसऱ्याची बेकायदा मासेमारी पकडायला जाऊन आपणच बेकायदा उड्डाण केलं तर तक्रार ऐकणारा आधी आपल्यालाच प्रश्न विचारेल. रात्री एलईडीवाल्यांच्या मागे ड्रोन पाठवू नका. त्या झगझगाटात नंबर येत नाही, नुसता पांढरा गोळा येतो. मोरजी, मांद्रेला कासवं अंडी घालायला येतात, तिथे त्या दिवसांत वाळूवर खाली ड्रोन आणू नका.

ड्रोन नजरेसमोर राहील एवढाच लांब न्या. एवढासा ड्रोन ३००-४०० मीटरच्या पुढे डोळ्यांना दिसत नाही. ट्रॉलर त्याहून लांब असेल तर किनाऱ्यावरून ड्रोनचं काम नाही. होडीतून उडवायचा मोह होतो, पण सांभाळा. ड्रोन उडाला ती जागा तो घर समजतो, आणि बॅटरी संपत आली की तिथेच परत जातो. तोपर्यंत होडी वाहत पुढे गेलेली असते आणि तो शांतपणे पाण्यात उतरतो. होडीतून उडवणारच असाल तर घराची जागा बदलायची सेटिंग आधी किनाऱ्यावर शिकून घ्या, होडीत दोघे असा, आणि इंजिन किंवा लोखंडी सामानाजवळून उडवू नका, होकायंत्र बिघडतं.

बोटमालकांना एक विनंती आहे. आपल्या स्वतःच्या बोटीचे नंबरही बघा. निम्म्या होड्यांवर ते खवले पडून पुसट झाले आहेत. ३१ जुलैला बंदी संपून होड्या पाण्यात जायच्या आधी रंगकाम होतंच, तेव्हा आकडे फूटभर उंच आणि जाड रेघेत करून घ्या, जमलं तर कॅबिनच्या छपरावरही. कोणी संकटात सापडलं तर वरून शोधणाऱ्यालाही ते दिसतील, आणि आमच्यासारख्या कोणी उद्या चुकीचा नंबर वाचला तर तुमच्या आईला बिल घेऊन कोणाच्या ऑफिसात जावं लागणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता जाळ्यांच्या शेडजवळ सराव ठेवला आहे. आपलीच एक होडी पाण्यात सोडू, १००, ५० आणि ३० मीटरवरून फोटो काढू आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकमेकांशेजारी लावून बघू. ड्रोन असलेल्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि कार्ड रिकामं करून यावं. वारा असला तर पुढच्या रविवारी.

– सचिव, संस्थेतर्फे